शांघायला निघालात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसच्या कामानिमित्त दोनदा आणि आई व सासूबाई या दोघींना घेऊन एकदा, असं तीन वेळा मी शांघायला जाऊन आले. तेव्हापासून ओळखीतलं कोणी निघालं की फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. आई मालवणची, मासे-चिंबोऱ्यांवर वाढलेली; सासूबाई पुण्याच्या, अंड्यालाही हात न लावणाऱ्या. त्यामुळे जेवणाच्या प्रश्नांना जरा जास्त जागा गेली आहे.

किती दिवस पुरतात?

पूर्ण चार दिवस. तीन दिवसांत शहर 'उरकता' येतं, पण मग नदीकाठी नुसतं बसायला वेळ राहत नाही, आणि शांघायचं खरं सुख तेच आहे. शेजारचं सुझौ किंवा हांगझौ करायचं असेल तर एकेक दिवस वाढवा.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे, नाहीतर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे 'मेईयू' नावाचा पाऊस असतो. मेई म्हणजे आलुबुखाराच्या जातीचं फळ. ते पिकतं तेव्हाचा हा पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता चिकचिक करत राहतो आणि कपडे वाळत नाहीत. नंतर जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर आणि वर दमट हवा. मुंबईकराला नवल वाटणार नाही, पण त्यासाठी एवढा खर्च कशाला? मधूनच वादळंही येतात. जानेवारीत थंडी शून्याजवळ जाते आणि ओलसर असल्यामुळे हाडांत शिरते.

१ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्याला लागून येणारा सुट्टीचा आठवडा काहीही करून टाळा. सगळा देश घराबाहेर पडलेला असतो आणि नदीकाठी गर्दी सांभाळायला पोलिसांच्या साखळ्या उभ्या कराव्या लागतात. चिनी नववर्षात उलटा प्रकार: माणसं गावी जातात, छोटी दुकानं-खानावळी बंद.

व्हिसा लागतो का? 'व्हिसाशिवाय दहा दिवस' असं कुठेतरी वाचलं होतं.

लागतो. ती २४० तासांची सवलत ठरावीक ५५ देशांच्या नागरिकांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. युरोप-अमेरिकेतल्या प्रवाशांचे व्हिडिओ पाहून आपले लोक इथेच फसतात. पर्यटनासाठी 'एल' प्रकारचा व्हिसा घ्यायचा. ऑनलाइन अर्ज भरून मग व्हिसा केंद्रात कागद द्यायचे. मुंबईत केंद्र आहे. पोहोचल्यावर इमिग्रेशनला आगमनाचं कार्ड भरावं लागतं, ते आता आधीच ऑनलाइन भरता येतं. बोटांचे ठसेही घेतात.

एक नियम घरी उतरणाऱ्यांसाठी. हॉटेलात राहिलात तर पोलिसांकडे तुमची नोंद हॉटेलच करतं. नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे राहणार असाल तर २४ तासांच्या आत ती स्वतः करायची असते. यजमानांना आठवण करा. पासपोर्ट कायम जवळ ठेवा. संग्रहालयापासून रेल्वेपर्यंत तोच तुमचं तिकीट असतो.

थेट विमान आहे का?

२०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात दिल्ली-शांघायही उडू लागलं. मुंबई-पुण्याहून जाणारे बरेच जण अजूनही हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जातात. दिल्लीमार्गे जायचं तर मधला थांबा नीट बघा, कधी कधी तो पुढच्या उड्डाणापेक्षा लांब असतो. घड्याळ अडीच तास पुढे करायचं.

चीनमध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेचं लक्षात ठेवा. जून २०२५ पासून चीनचा '३ सी' शिक्का नसलेल्या पॉवर बँका तिथल्या देशांतर्गत विमानांत नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेकांवर तो नसतो.

पैसे कसे न्यायचे? यूपीआय चालतं का?

यूपीआय विसरा. तिथलं यूपीआय म्हणजे अलीपे आणि वीचॅट. भाजीवाल्यापासून देवळातल्या दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर. भारतातूनच अलीपे उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवून घ्या आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडा. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बँकेचा ओटीपी आपल्या भारतीय नंबरवर येतो, म्हणून तो नंबर रोमिंगवर जिवंत हवा. माझी पहिली संध्याकाळ यातच गेली. समोर नूडल्सचा वाडगा, मागे रांग आणि ओटीपी पुण्यात. शेवटी रांगेतल्या एका मुलीने माझे १८ युआन भरून टाकले आणि मी दिलेली नोट घेईना.

२०० युआनपर्यंतच्या खर्चाला परदेशी कार्डावर अलीपे जादा शुल्क लावत नाही. त्याहून मोठ्या खर्चाला ३ टक्के लागतात. युआनचा भाव १२ रुपयांच्या आसपास धरा. बोलताना लोक युआन म्हणत नाहीत, 'क्वाय' म्हणतात. रोख घ्यायला दुकानदार कायद्याने बांधील आहे, पण सुट्टे नसतात, म्हणून थोड्या लहान नोटा जवळ ठेवा.

व्हॉट्सॲप चालतं का?

तिथल्या वायफायवर नाही. गुगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक, सगळं बंद. पण भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं, कारण तुमचा डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. त्यामुळे हॉटेलच्या वायफायचा मोह धरू नका. घरी 'पोहोचलो'चा मेसेज गेला नाही की इकडे लगेच काळजी सुरू होते, म्हणून निघण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा.

गुगलचे नकाशे तिथे कामाचे नाहीत, रस्ता चुकवतात. आमॅप नावाचं चिनी ॲप इंग्रजीतही चालतं, ते घ्या.

विमानतळावरून शहरात कसं यायचं? ती उडती गाडी घ्यावी का?

उडती नाही, पण रुळाला टेकतही नाही. मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी गाडी. पुडोंग विमानतळ ते लोंगयांग रोड हे ३० किलोमीटर ती आठेक मिनिटांत कापते. तिकीट ५० युआन, त्या दिवशीचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०. पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटरपर्यंत जायची, २०२१ पासून ३०० वर ठेवली आहे. एकदा बसाच. पण एक लक्षात घ्या: ती तुम्हाला शहराच्या मध्यभागी सोडत नाही. लोंगयांग रोडला उतरून, बॅगा ओढत, पुन्हा मेट्रो पकडायची असते. दोन ज्येष्ठ बायका आणि चार बॅगा असतील तर सरळ टॅक्सी. रात्री उशिरा उतरलात तरीही टॅक्सीच, कारण मेट्रो रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास आवरती होते. टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्या. आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका.

शहरात फिरायचं कसं?

मेट्रोने. पहिला मार्ग १९९३ चा, आज जाळं ८०० किलोमीटरच्या वर आहे. तिकीट ३ युआनपासून, अलीपेतल्या क्यूआरने दार उघडतं, पाट्या इंग्रजीतही आहेत. प्रत्येक स्थानकात बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते. बदलीच्या स्थानकांत चालणं फार आहे, पीपल्स स्क्वेअरला एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना सासूबाईंनी विचारलं होतं, "आपण हॉटेलला चालतच निघालोय का?"

टॅक्सीसाठी अलीपेमध्येच दीदी असतं, आपल्या ओला-उबरसारखं. चालकाला इंग्रजी येत नाही असं धरूनच चला. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

आणि फेरीबोट. ह्वांगपू नदी शहराचे दोन भाग करते: पश्चिमेचं जुनं पुशी, पूर्वेचं नवं पुडोंग. नदी ओलांडणारी साधी प्रवासी बोट अजून चालते, तिकीट २ युआन. सायकली, स्कूटर, ऑफिसवाले, भाजीच्या पिशव्या, सगळं एकत्र. पर्यटकांच्या रोषणाईवाल्या बोटीला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात आणि नदी तीच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्या माणसाला हा वास आणि हा इंजिनाचा आवाज लगेच ओळखीचा वाटेल.

'बंड' म्हणजे नेमकं काय? आणि तिथे कधी जावं?

पुशीच्या बाजूचा नदीकाठचा दीडेक किलोमीटरचा पट्टा. चिनी लोक त्याला वायथान म्हणतात. बंड हा शब्द चिनी नाही, मुळात इंग्रजीही नाही. फारसीतला 'बंद', हिंदुस्तानीत बांध-बंधारा या अर्थाने रुळलेला, तो कंपनीच्या गोऱ्यांनी इथून उचलला आणि चीनच्या बंदरांत नेला. पुण्याच्या बंड गार्डनमधला बंड तोच. तिथे मुळा-मुठेचा बंधारा, इथे ह्वांगपूचा. गंमत पुढे आहे. पुण्याच्या त्या बंधाऱ्याला मोठी देणगी देणारे मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. त्यांचा चीन म्हणजे शांघाय नव्हे, दक्षिणेतलं कँटन बंदर. पण त्याच अफूपायी इंग्रज आणि चीन यांच्यात युद्ध झालं, १८४२ चा नानजिंगचा तह झाला आणि १८४३ मध्ये शांघाय परदेशी व्यापाराला उघडावं लागलं. वायथानवरच्या दगडी इमारती त्यानंतरच्या पैशातून उभ्या राहिल्या. 'काय सुंदर इमारती' म्हणताना मला बॅलार्ड इस्टेट आठवते आणि लगेच हेही आठवतं.

जाण्याच्या वेळा दोन. दिवे लागल्यापासून रात्री दहापर्यंत पलीकडचं पुडोंग झगमगतं. हे सगळेच बघतात, तुम्हीही बघा. पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पुन्हा जा. गर्दी नसते. म्हातारे लोक ताय-ची करत असतात, कोणी पतंग उडवतं आणि कोळसा-वाळूचे पडाव भोंगा न वाजवता सरकत असतात. आम्ही गेलो तेव्हा सासूबाईंना एका आजींनी हाताला धरून रांगेत उभं केलं. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. अर्धा तास व्यायाम झाला.

कोणत्या टॉवरवर चढावं?

एकाच. शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे, चीनमधला सगळ्यात उंच; ११८ व्या मजल्यावरून खाली बघायचं. आकाश स्वच्छ असेल तरच तिकीट काढा, नाहीतर पैसे देऊन ढग बघाल. शेजारी भोक असलेला, लोक ज्याला 'बाटलीचं ओपनर' म्हणतात तो ४९२ मीटरचा, आणि त्याच्याजवळ जिन माओ. गुलाबी गोळ्यांचा ओरिएंटल पर्ल १९९४ मध्ये बांधून झाला. तो आतून पाहण्यापेक्षा बाहेरून पाहण्याचाच आहे, हे माझं मत; लहान मुलं बरोबर असतील तर मतदान त्यांचं.

शांघाय जगातलं सगळ्यात मोठं बंदर ना? मग ते बंदर दिसतं कुठे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला सगळ्यात आवडतो. वायथानला उभं राहून बंदर दिसत नाही. एकेकाळी होतं तिथेच. आता तिथे धक्के नाहीत, बागा आहेत. २०१७ च्या अखेरीस ह्वांगपूच्या दोन्ही काठांचा मिळून ४५ किलोमीटरचा रस्ता चालायला-पळायला खुला केला. जुनी गोदामं आता कलादालनं झाली आहेत आणि क्रेन शोभेला उभ्या आहेत.

बंदर गेलं कुठे? समुद्रात. यांगत्से नदी अफाट गाळ आणते. तिच्या मुखाशी पाणी उथळ आणि ह्वांगपू अरुंद, म्हणजे नव्या जमान्याची प्रचंड कंटेनर जहाजं आत येऊच शकत नाहीत. त्यांना १५ मीटरच्या पुढे खोली लागते. म्हणून किनाऱ्यापासून ३० किलोमीटर आत, यांगशान नावाच्या खडकाळ बेटांना भराव घालून तिथे बंदर केलं आणि साडेबत्तीस किलोमीटरचा दोंगहाय पूल बांधून ते जमिनीला जोडलं. २००५ मध्ये ते सुरू झालं. ही बेटं कागदोपत्री शांघायची नाहीतच, शेजारच्या चच्यांग प्रांताची आहेत. २०१७ मध्ये तिथे जवळजवळ माणसाविना चालणारा टप्पा सुरू झाला: क्रेन दुरून हलतात, पेट्या वाहणाऱ्या गाड्यांना चालक नाही.

शांघाय २०१० पासून कंटेनर हाताळणीत जगात पहिलं आहे आणि २०२४ मध्ये वीस फुटी पेटीच्या हिशेबाने ५ कोटींचा आकडा ओलांडणारं पहिलं बंदर ठरलं. आपल्या न्हावाशेव्याचा वर्षाचा आकडा ७० लाखांच्या आसपास. वाढवणच्या बंदराची चर्चा चालू असताना 'समुद्रात भराव घालून बंदर' म्हणजे काय हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर यांगशानचा नकाशा जरूर बघा. डहाणूच्या मच्छीमारांचे प्रश्न मात्र त्या नकाशात सापडत नाहीत.

आता बघायचं कसं? यांगशानच्या आत सर्वसामान्यांना प्रवेश नाही. दोन पर्याय सांगते.

पहिला, मेट्रोचा १६ नंबरचा मार्ग धरून शेवटचं स्थानक, दीशुई तलाव. कंपासने काढावा तसा गोल, मानवनिर्मित तलाव. जवळच चीनचं सागरी संग्रहालय आहे. आत मिंग राजघराण्याच्या काळातल्या जहाजाची खऱ्या आकाराची प्रतिकृती उभी केली आहे. सोमवारी बंद असतं. जायला-यायला मिळून तीनेक तास जातात.

दुसरा, माझा लाडका: उसोंग. उत्तरेला, ह्वांगपू जिथे यांगत्सेला मिळते तिथे. मेट्रो ३ ने जाऊन पुढे थोडी टॅक्सी. जुन्या तोफखान्याच्या जागी आता पाणथळीची बाग आहे. १८४२ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने हाच तोफखाना जिंकला. काठावर बसलं की समोरून जहाजांची न संपणारी रांग जाते. पलीकडचा काठ दिसत नाही, ही नदी आहे यावर विश्वास बसत नाही. आम्ही शेंगदाणे घेऊन गेलो होतो. दीड तासात आईने ८० जहाजं मोजली आणि मग मोजणं सोडलं.

मुंबईचं शांघाय होणार होतं, त्याचं काय झालं?

प्रत्येक मराठी माणूस तिथे पोहोचल्यावर पहिल्या तासात हा विनोद करतो. मीही केला. २००४ च्या सुमारास ही घोषणा आपल्याकडे इतकी गाजली की शांघाय हे शहराचं नाव न राहता शिवी किंवा स्वप्न झालं.

१९९० मध्ये चीन सरकारने पुडोंग विकसित करायचं जाहीर केलं, तेव्हा तिथे शेतं, गोदामं आणि कारखाने होते. 'पुडोंगमध्ये खोली नको, पुशीत एक खाट द्या' अशी म्हणच होती. १९९१ मध्ये नदीवर नानपू पूल झाला आणि मग थांबलंच नाही. आपली मुंबई मेट्रो २०१४ ची, त्यांची १९९३ ची; सगळा फरक सांगायला हे पुरे. पण ज्या गतीने ते झालं त्याच गतीने जुन्या वाड्या गेल्या. शिकूमेन, म्हणजे दगडी चौकटीच्या दारांची दुमजली घरं, मध्ये अरुंद गल्ली, एका घरात पाच-पाच बिऱ्हाडं, सामायिक नळ. गिरगावच्या चाळींत वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. रहिवासी दूरच्या उपनगरांत गेले. उरलेली काही घरं आता कॉफीची दुकानं आहेत. शिन्थ्यानदी हा त्यातला सगळ्यात चकाचक नमुना. तिथेच कोपऱ्यावर, १९२१ च्या जुलैत चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन भरलं ते घर जपून ठेवलं आहे, शेजारी महागड्या घड्याळांच्या जाहिराती.

शिवाय हे शहर मऊ गाळावर उभं आहे. भूजल उपसल्यामुळे गेल्या शतकात काही भाग दोन मीटरांहून जास्त खचले.

आपल्या माणसांच्या काही खुणा तिथे आहेत का?

आहेत, आणि पुणे-मुंबईकराला तर ठळक. वायथानवरचं हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल म्हणजे पूर्वीचं कॅथे हॉटेल, १९२९ चं, व्हिक्टर ससून यांनी बांधलेलं. हो, तेच ससून. आपलं ससून रुग्णालय, ससून डॉक, काळाघोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, सगळं एकाच घराण्याचं. बगदादहून मुंबईत आले, इथून चीनला कापूस आणि अफू पाठवून गबर झाले. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), त्यांनीच बांधलं. शांघायचं ओहेल रेचेल हे सिनेगॉगही जेकब ससून यांनी पत्नीच्या स्मरणार्थ बांधलं, १९२० चं. ते बहुतेक बंदच असतं, बाहेरून बघायचं. पीस हॉटेलच्या दालनात मात्र आत जाऊन वर बघायला कोणी अडवत नाही.

दुसरी खूण शिखांची. इंग्रजांच्या वसाहतीत रस्त्यावरचे पोलीस म्हणून पंजाबातून शीख आणले होते. त्यांनी दोंगबाओशिंग रस्त्यावर १९०८ मध्ये गुरुद्वारा बांधला. इमारत आहे, गुरुद्वारा नाही. पगडी बघून लोकांनी ठेवलेलं त्यांचं टोपणनाव चांगल्या अर्थाचं नव्हतं. परक्या राजाच्या वतीने दंडुका चालवणाऱ्याला प्रेमाचं नाव कोण ठेवणार?

तिथले लोक भारतीयांशी कसे वागतात?

कुतूहलाने. 'इंदू' एवढं कळलं की चेहरा खुलतो, मग चित्रपट, मग योग. वयस्कर माणसाशी बोलणं झालं तर 'के दीहुआ' हे नाव घेऊन बघा. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचं कार्यक्षेत्र उत्तरेकडे, शांघायला नव्हे. पण नाव जुन्या पिढीला सगळीकडे माहीत आहे. राजकारणाच्या गप्पा मात्र काढू नका, ना टॅक्सीत, ना जेवणाच्या टेबलावर.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

होईल, पण तयारी हवी. अडचण अशी की 'मांस नको' म्हटलं तर मांसाचे तुकडे घालत नाहीत. रस्सा कोंबडीचाच, तळण डुकराच्या चरबीत आणि चटणीत कालवं. म्हणून नुसतं 'मी शाकाहारी' पुरत नाही. मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा, कालव्याचं सॉस, काहीही नको, असं चिनी लिपीत लिहून घ्या आणि ते दाखवा.

बिनघोर जेवायचं तर बौद्ध खानावळी. नानजिंग रोडजवळचं गोंगदलिन १९२२ पासून आहे. जेड नावाच्या दगडात घडवलेल्या बुद्धाच्या देवळातही नूडल्स मिळतात, स्वस्त आणि उत्तम. परंपरेने बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींची किंवा चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय होते. फक्त एक: हे लोक टोफू आणि गव्हाच्या चिकापासून हुबेहूब बदक, मासा, कोंबडी बनवतात. सासूबाईंसमोर 'बदक' आलं. ते टोफूचं आहे हे मी तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल, पण दिसतंय बदकच," आणि भात-भाजी खाल्ली.

साध्या हॉटेलात दीसान्श्यान मागा: वांगं, बटाटा, ढोबळी मिरची तळून परतलेली. मूळ ईशान्य चीनची, पण सगळीकडे मिळते आणि पोळीशिवाय खावी लागते एवढंच दुःख. न्याहारीला यौथ्याव, म्हणजे खारी, लांब, तळलेली काठी, आणि गरम सोया दूध. थेपले, चिवडा, लोणचं बरोबर असू द्या; त्यात लाज कसली.

आणि मासे-मटण खाणाऱ्यांनी काय सोडू नये?

श्याओलोंगबाओ: आपल्या मोदकासारखी कळ्या पाडलेली, आत गरम रस्सा भरलेली वाफवलेली पुरचुंडी. थेट तोंडात टाकू नका, जीभ भाजेल. चमच्यात घ्या, बाजूने टोचा, रस्सा प्या, मग खा. तळाशी कुरकुरीत भाजलेली शंगच्यानबाओ मला त्याहून आवडते. एकूण शांघायचं जेवण गोडसर असतं, सोया आणि साखरेत मुरलेलं. कोल्हापूरकरांनी तिखटाची पुडी न्यावी.

शरदात गेलात तर खेकडे. सुझौजवळच्या यांगचंग तलावाचे केसाळ पायांचे खेकडे म्हणजे तिथला सोहळा. चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी, दहाव्यात नर, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे 'अमावस्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या' म्हणतात ना, तसंच. नुसते वाफवतात, बरोबर व्हिनेगर आणि आलं, कारण खेकडा प्रकृतीला थंड मानतात. आईने पहिला खेकडा संपवून विचारलं, "वाटप कधी घालतात?" घालत नाहीत, म्हटलं. दुसरा खाऊन म्हणाली, "नकोच."

पाणी?

नळाचं पिऊ नका. हॉटेलात किटली असते आणि स्थानकांवर, विमानतळावर गरम पाण्याचे नळ. चिनी लोक उन्हाळ्यातही गरमच पाणी पितात. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना हा देश तिथेच पटतो.

भाषेशिवाय निभावतं का?

भाषांतराच्या ॲपवर निभावतं. 'नी हाओ' नमस्कार, 'श्ये श्ये' आभार. शांघायची स्वतःची बोली वेगळी, बीजिंगच्या माणसाला न कळणारी. तिच्यात नमस्काराला 'नोंग हो'. म्हाताऱ्या माणसाला हे म्हणून बघा. पण नवी पिढी घरीही प्रमाण चिनीच बोलते, आणि त्याची तिथल्या आजी-आजोबांना खंत आहे. ही तक्रार आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटेल.

सुरक्षित आहे का? फसवणूक होते?

रात्री अकराला मी एकटी चालत हॉटेलवर आले आहे, मागे वळून न बघता. फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे: नानजिंग रोडवर किंवा वायथानवर दोन गोड विद्यार्थी इंग्रजीत बोलायला येतात, फोटो काढायला मदत करतात, मग 'चहाचा पारंपरिक समारंभ बघायला येता का?' चहा चार घोट, बिल हजारो युआनचं. नम्रपणे नाही म्हणा. नकली पर्स-घड्याळांच्या बाजारात सांगतील त्याच्या पाव किमतीपासून सुरुवात करा; तुळशीबागेत तयार झालेल्यांना जास्त सांगायला नको.

शनिवार-रविवारी काय बघावं?

पीपल्स पार्कमधला लग्नाचा बाजार. दुपारी शेकडो आईवडील उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवून बसतात आणि प्रत्येक छत्रीवर मुलाची किंवा मुलीची माहिती चिकटवलेली: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि शांघायचा अधिकृत रहिवास आहे की नाही. पत्रिका सोडली तर आपलं वधूवर सूचक मंडळच. मुलं स्वतः बहुधा नसतात. कित्येकांना आपली छत्री लागली आहे हे माहीतही नसतं. कागदांचे फोटो जवळून काढू नका, लोक चिडतात आणि ते बरोबरच आहे. आई-सासूबाई इथे सव्वा तास रमल्या. भाषांतराच्या ॲपवर त्यांनी एका बाईंना माझ्या धाकट्या दिराची उंची सांगितली, हे मला नंतर कळलं.

ज्येष्ठांना झेपेल का? स्वच्छतागृहांचं काय?

सार्वजनिक स्वच्छतागृहं भरपूर, फुकट आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छ. पण पुष्कळशी भारतीय पद्धतीची आणि कागद नसलेली. टिश्यूचं पाकीट खिशात हवंच. गुडघे दुखत असतील तर मॉलमध्ये जा. दिवसाला एक मोठं ठिकाण आणि दुपारी तासभर झोप, असा बेत ठेवला तर सत्तरीच्या दोघी माझ्यापेक्षा ताज्या होत्या. यू बाग १५५९ मध्ये एका अधिकाऱ्याने वडिलांसाठी सुरू केलेली. सुंदर आहे, पण उंबरे आणि खडक फार, काठी असेल तर सांभाळून.

एका दिवसात आसपास कुठे?

झूच्याच्याओ, कालव्यांवरचं जुनं गाव, मेट्रोच्या १७ नंबरने. सुझौ अतिवेगवान रेल्वेने अर्धा तास, हांगझौ तासभर. गाड्या बहुधा होंगच्याओ स्थानकातून सुटतात. स्थानक विमानतळाएवढं आहे, तासभर आधी पोहोचा. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि फाटकातही पासपोर्टच दाखवायचा.

येताना काय आणावं?

सुझौ-हांगझौचं रेशीम, लोंगजिंगचा हिरवा चहा, आणि 'पांढरा ससा' गोळ्या, दुधाच्या, तांदळाच्या कागदात गुंडाळलेल्या. आतला पातळ कागद सोलत बसू नका, तो खायचाच असतो. आमच्या सोसायटीत वाटल्या तेव्हा निम्म्या लोकांनी सोलला.